बरणीवरचं ५/४

शनिवार पेठेतल्या एका घरात फडताळाच्या वरच्या कप्प्यातून लोणच्याची बरणी खाली आली. चिनी मातीची, खालून पांढरी, वरून तपकिरी, तोंडाला दादरा बांधलेला. दादरा सुटला तसा मोहरी, हिंग आणि मुरलेल्या कैरीचा वास ओट्यावरून थेट दिवाणखान्यापर्यंत गेला. बरणीच्या पोटावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर काळ्या मार्करने लिहिलेलं: ५/४/२४. अक्षर नातवाचं. तो अमेरिकेत नोकरीला. त्या वर्षी मार्चअखेरीला आला आणि मेच्या मध्यापर्यंत इथूनच लॅपटॉपवर काम करत राहिला, म्हणून लोणचं घालताना हाताशी होता. आजींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वाचलं, "पाच एप्रिल." सूनबाई म्हणाल्या, "आई, तो तिकडच्यासारखं लिहितो. महिना आधी. चार मे असणार." रात्री फोन लागला. पलीकडून उत्तर आलं, "अगं आजी, तिकडे असलो की महिना आधी लिहितो, इकडे आलो की तारीख आधी. तेव्हा कसं लिहिलं ते आता नाही गं सांगता येणार."

आजी सहजासहजी हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. "मला पक्कं आठवतंय, त्या दिवशी एकादशी होती. खार मला चाखता येईना, तुला चाखायला लावला." सूनबाईंनी दुधाच्या खाड्यांसाठी जपून ठेवलेलं २०२४ चं कॅलेंडर काढलं. ५ एप्रिल, शुक्रवार, फाल्गुन वद्य एकादशी. ४ मे, शनिवार, चैत्र वद्य एकादशी. दोन्ही दिवशी आजींचा उपास!

वाटतो तेवढा हा योगायोग नाही. ५ एप्रिल ते ४ मे हे अंतर २९ दिवसांचं आणि चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. लागोपाठच्या दोन महिन्यांचे आकडे उलटसुलट झाले की फेब्रुवारी सोडला तर २९ किंवा ३० दिवसांचाच फरक पडतो, म्हणजे चंद्र पुन्हा जवळपास त्याच कलेला आलेला असतो. त्यामुळे हा घोळ तिथीने सुटत नाही. वाराने मात्र सुटला असता. चिकटपट्टीवर 'शनि' एवढी दोन अक्षरं असती तरी फोन करावा लागला नसता. वर्षातल्या अशा तारखा मोजता येतात: दिवस १ ते १२ आणि महिने १ ते १२ असे १४४ दिवस दोन्ही बाजूंनी वाचता येतात. त्यातून १/१, २/२ असे जुळे बारा वजा केले की १३२ उरतात. वर्षातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दिवस असे आहेत की नुसत्या आकड्यांत लिहिलेली तारीख दोन खऱ्या, पंचांगात सापडणाऱ्या, वेगवेगळ्या दिवसांकडे बोट दाखवते. १३ तारखेपासून पुढे सगळं सुरळीत चालतं, म्हणूनच तर ही चूक लवकर लक्षात येत नाही. आणि वर्षही दोनच आकडी लिहिलं की मजा वाढते. ०५/०४/०६ हे पुण्यात ५ एप्रिल २००६, शिकागोत ४ मे २००६ आणि वर्ष आधी लिहिणाऱ्या देशात ६ एप्रिल २००५.

लिहिणाऱ्याला लिहिताना कधीच शंका नसते.

शंका वाचणाऱ्याच्या वाट्याला येते, आणि तो लिहिताना तिथे हजर नसतो. तारीख कशी लिहावी यावरचे बहुतेक वाद 'आमची पद्धत नैसर्गिक' या मुद्द्यावर अडतात. आपण बोलतो 'पाच एप्रिल', म्हणून लिहितोही तसंच. अमेरिकन माणूस बोलतो 'एप्रिल पाच', तो तसं लिहितो. दोघेही आपापल्या जिभेशी प्रामाणिक आहेत. पण 'दिवस आधी' हीच मराठी परंपरा असं कोणी म्हणालं, तर त्याला कुठल्याही पूजेच्या आधीचा संकल्प ऐकवावा. गुरुजी सुरुवात करतात ती श्वेतवाराह कल्पापासून. मग वैवस्वत मन्वंतर, कलियुग, शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वासर. सर्वांत मोठं आधी, सर्वांत लहान शेवटी, आणि अगदी अखेरच्या टप्प्यात वार. जेधे शकावलीतली शिवजन्माची नोंदही याच क्रमाची: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. आज संगणकवाले ज्या 'वर्ष-महिना-दिवस' क्रमासाठी आग्रह धरतात तो आपल्याकडे ताम्हन-पळीइतका जुना आहे. दिवस आधी लिहायची सवय रोजच्या कारभारातली. ज्याला वर्ष ठाऊकच आहे अशा माणसासाठी लिहिलेल्या चिठ्ठीची.

हेच मोडी कागदात आणखी वेगळं दिसतं. पेशवे दफ्तरातल्या पत्रावर मुसलमानी महिन्याची तारीख 'छ' या खुणेनंतर येते, आणि वर्ष सुहूर सनातलं, तेही अरबी संख्याशब्दांत: 'सबा खमसैन मया व अलफ'. सबा सात, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार, झाले ११५७. एकक आधी, हजार शेवटी. आपण 'सत्तावन्न' म्हणताना सात आधी म्हणतो तसंच. या सनाचं वर्ष बदलतं सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. एका आकड्याची ही खाच चुकली की पत्र वर्षभर मागेपुढे सरकतं आणि लढाईच्या आधीचं पत्र लढाईनंतरचं होऊन बसतं. जंत्री पुढ्यात घेऊन बसलेला अभ्यासक म्हणूनच पत्रातला वार आधी शोधतो. तारीख बदलून घेतल्यावर वार जुळला तर पुढे जायचं, नाही जुळला तर गणित पुन्हा मांडायचं.

एवढा जुना, एवढा सोपा ताळा आपण रोजच्या लिहिण्यातून टाकून दिला, याचं मात्र नवल वाटतं.

आकड्यांचा घोळ प्रत्यक्षात कसा दिसतो ते बघायचं तर एक्सेल उघडावं. समजा एप्रिल २०२४ चा जमाखर्च आहे, रोजची एक ओळ, तीस ओळी. पहिल्या कॉलममध्ये तारखा ०१/०४/२०२४ ते ३०/०४/२०२४. फाइल साध्या मजकुराची, स्वल्पविरामांनी तोडलेली, म्हणजे सीएसव्ही. ती अशा संगणकावर डबल क्लिक करून उघडली की ज्याच्या विंडोजमध्ये प्रदेश अमेरिका निवडलेला आहे. (पुण्यात असे लॅपटॉप पुष्कळ सापडतात, विंडोज चढवताना जे पुढ्यात आलं ते कोणी बदललंच नाही.) एक्सेल काही विचारत नाही, लाल खूण दाखवत नाही. पहिल्या बारा ओळी ते आनंदाने तारखा म्हणून स्वीकारतं, फक्त १ एप्रिलची होते ४ जानेवारी, २ एप्रिलची ४ फेब्रुवारी, ५ एप्रिलची ४ मे, १२ एप्रिलची ४ डिसेंबर. चौथी ओळ तेवढी नशिबाने बरोबर राहते. तेरापासून पुढच्या अठरा ओळींना तेरावा महिना सापडत नाही, म्हणून त्या नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. जरा लांबून बघितलं की फरक दिसतो: वरच्या बारा ओळी चौकटीत उजवीकडे सरकलेल्या, खालच्या अठरा डावीकडे. डावी-उजवी अशी फाटलेली कॉलम दिसली की हात तिथेच थांबवावा आणि सेव्ह करू नये. कारण सीएसव्ही सेव्ह करताना पडद्यावर दिसतंय तेच लिहिलं जातं आणि मूळ तारीख त्यानंतर कुठेच शिल्लक राहत नाही. आणखी एक ओळखीची खूण: महिनावार बेरीज काढली आणि प्रत्येक महिन्याच्या फक्त चार तारखेलाच व्यवहार दिसले, तर ती फाइल एप्रिलची आहे.

सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे ती फाइल न सेव्ह करता बंद करायची आणि डेटा टॅबमधून आत आणायची. आणताना तारखेच्या कॉलमचा प्रकार मजकूर ठेवायचा. नंतर 'टेक्स्ट टू कॉलम्स' घ्यायचं, तिसऱ्या पायरीवर 'डेट' निवडून शेजारच्या यादीतून 'डीएमवाय', म्हणजे दिवस-महिना-वर्ष, सांगायचं. मूळ फाइलच हरवली असेल तर दुरुस्ती दोन तुकड्यांत करावी लागते. उजवीकडे सरकलेल्या, म्हणजे तारीख झालेल्या ओळींमधून वर्ष, दिवस आणि महिना सुटे काढायचे आणि 'डेट' फंक्शनला वर्ष, दिवस, महिना असे मुद्दाम उलटे द्यायचे. डावीकडच्या मजकूर-ओळींमधून पहिली दोन अक्षरं दिवस, चौथं-पाचवं महिना, शेवटची चार वर्ष अशी कापून घ्यायची. बरेच जण इथे एकच सूत्र सगळ्या कॉलमला लावतात आणि दुसऱ्या तुकड्यातल्या ओळी बिघडवतात. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे शेवटी एक क्रमांकच असतो, १ जानेवारी १९०० ला एक धरून मोजलेला. ५ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८७ आणि ४ मे म्हणजे ४५४१६. (त्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही आहे. लोटस १-२-३ या हिशेबाच्या जुन्या प्रोग्रॅममधली चूक, तिच्या फाइली जुळाव्यात म्हणून जशीच्या तशी ठेवलेली.) म्हणजे बरणीवरचा प्रश्न एक्सेलपुरता २९ अंकांचा आहे. तारखा ओळखायची ही हौस एवढी दांडगी की जनुकांची 'मार्च१', 'सेप्ट१' अशी नावंही एक्सेल एक मार्च आणि एक सप्टेंबर करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच त्यांची बारशी नव्याने केली. तेव्हा एक्सेल काही बदललं नाही, माणसाची जनुकं बदलली. निदान नावापुरती.

आता सरकारी कागद घ्या. महाराष्ट्र शासनाचा कोणताही अलीकडचा शासन निर्णय चालेल. वर उजवीकडे किंवा मधोमध दिनांक असतो तो 'दिनांक : ०५ एप्रिल, २०२४' अशा धर्तीचा. दिवस आकड्यात, महिना अक्षरात, वर्ष चार आकडी. शेवटी 'संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक' म्हणून एक लांबलचक संख्या येते. तिचे पहिले आठ आकडे तोडून वाचले तर २०२४, ०४, ०५. वर्ष, महिना, दिवस. आणि खाली डिजिटल स्वाक्षरीच्या चौकटीत बारीक अक्षरात २०२४.०४.०५, पुढे वेळ, आणि वेळेच्या शेपटीला +०५'३०'. एकाच पानावर तीन तऱ्हा, आणि तरी घोटाळा नाही. का नाही? कारण पहिली माणसासाठी आहे आणि तिच्यात महिना अक्षरांत आहे. दुसरी आणि तिसरी यंत्रासाठी आहेत आणि त्यांत वर्ष आधी आहे. वर्ष आधी आलं की पुढे महिनाच येतो, कारण वर्ष-दिवस-महिना असा क्रम रोजच्या वापरात जवळपास कुठेच नाही. पासपोर्टवरही हीच वाटणी: वर छापलेली जन्मतारीख दिवस/महिना/वर्ष, आणि तळाशी बाणांच्या दोन ओळींत तीच तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सहा आकडी, मागे एक ताळ्याचा अंक जोडून. विमानतळावरचं यंत्र वर छापलेल्या तारखेकडे ढुंकूनही बघत नाही.

राजपत्राची तऱ्हा आणखी निराळी. तिथे मथळ्यावर 'शुक्रवार, एप्रिल ५, २०२४ / चैत्र १६, शके १९४६' असं छापलेलं असतं. वार आहे, महिना अक्षरात आहे, क्रम चक्क अमेरिकन आहे, आणि कुणाचंही काही बिघडत नाही. पण उजवीकडचा चैत्र बघा. हा २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेल्या भारतीय राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेतला चैत्र आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुचवलेला. तो २२ मार्चला लागतो, लीप वर्षी २१ ला. आजींच्या कॅलेंडरात त्याच शुक्रवारी फाल्गुन वद्य एकादशी, शके १९४५. पाडवा अजून चार दिवसांवर, ९ एप्रिलला. शब्द तोच चैत्र, शक तोच शालिवाहन, आणि महिनाही वेगळा, वर्षही वेगळं. राष्ट्रीय शकातली तारीख घातलेला चेक बँकांनी स्वीकारावा अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. चेकची तीन महिन्यांची मुदत मोजायला मात्र काउंटरमागच्या माणसाला ती तारीख आधी इंग्रजी करून घ्यावी लागते. आता चेकच्या उजव्या कोपऱ्यात दिवसाचे दोन, महिन्याचे दोन, वर्षाचे चार असे आठ चौकोनच छापून येतात. क्रम चौकोनाखालीच लिहिलेला. प्रमाण पाळून घ्यायचं असेल तर ते कागदावरच छापावं. परिपत्रकाने काम होत नाही, हे त्या चौकोनांनी दाखवून दिलंय.

जुन्या कारकुनांना हे ठाऊक होतं. आवक-जावक टेबलावरचा तारखेचा शिक्का आठवा. रबराचे तीन-चार पट्टे, बाजूच्या चाकांनी फिरवायचे: दिवस, मग महिन्याची तीन इंग्रजी अक्षरं, मग वर्ष. जांभळ्या शाईत उमटलेल्या त्या तारखेचे दोन अर्थ कधी निघाले नाहीत. त्याच्या चुका निराळ्या. सकाळी चाक फिरवायचं राहिलं की दुपारपर्यंतची सगळी टपाल कालच्या तारखेची, आणि वर्षांचा पट्टा दहा-बारा वर्षांत संपला की नवा शिक्का. चूक व्हायची, पण संदिग्धता नसायची. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चुकीची तारीख दुरुस्त करता येते. संदिग्ध तारीख बरोबर असते, फक्त कोणती ते कळत नाही.

१९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ ८६०१ काढलं ते या सगळ्या गुंत्यावर. वर्ष चार आकडी, महिना दोन, दिवस दोन, मध्ये आडवी रेघ: २०२४-०४-०५. आपल्या मानक ब्यूरोनेही आयएस ७९०० म्हणून ते घेतलंय. दोन आकडी वर्षाला सुरुवातीला थोडी मुभा होती, २००४ च्या आवृत्तीत ती काढून टाकली. याचा सर्वांत मोठा फायदा तत्त्वाचा नाही, फाइलींच्या यादीचा आहे. सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं '०५-०४-२०२४ सभा' अशा नावांनी ठेवली तर संगणक ती पहिल्या अक्षरांवरून लावतो: सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र, मग सगळ्या २ तारखा, आणि २०१९ ची सभा २०२४ च्या मांडीवर. '२०२४-०४-०५ सभा' लिहिलं की नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच. फक्त शून्य गाळायचं नाही, नाहीतर ऑक्टोबर फेब्रुवारीच्या आधी येऊ शकतो. तिरपी रेघ फाइलच्या नावात विंडोज घेतच नाही. आणि देवनागरी आकडे वापरायचे तर सगळीकडे वापरायचे. ते आपसांत बरोबर लागतात, पण इंग्रजी आकड्यांत मिसळले की बऱ्याचदा यादीच्या तळाशी वेगळी पंगत मांडतात.

हिंजवडीत मात्र नुसता क्रम ठरवून भागत नाही. जन्मतारखेच्या रकान्यात ५ एप्रिल भरली आणि साठवल्यावर ४ एप्रिल दिसली, ही तक्रार तिथल्या प्रत्येक टीमने कधी ना कधी ऐकलेली असते. डेटाबेस उघडला की आत '२०२४-०४-०४, १८:३०' सापडतं. साडेसहाचा तो आकडा दिसला की जाणकार डोक्याला हात लावतो: कुणीतरी नुसत्या तारखेला मध्यरात्रीची वेळ चिकटवली आणि भारतीय मध्यरात्र जागतिक वेळेत बदलली. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून मध्यरात्र आदल्या दिवशीच्या संध्याकाळी साडेसहाला जाऊन पडते. जन्मतारीख, मुदत, सण यांना घड्याळ नसतं. ती रकान्यात नुसती तारीख म्हणूनच ठेवायची, वेळेच्या डब्यात घालायचीच नाही. दुसरा सापळा डिसेंबरअखेरचा. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वर्षासाठी मोठ्या लिपीतला 'वाय' चार वेळा लिहिला की तो कॅलेंडरचं वर्ष देत नाही, आठवड्याचं वर्ष देतो. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार होता आणि तो आठवडा २०२५ चा पहिला धरला जातो, म्हणून पावतीवर ३० डिसेंबर २०२५ छापून येतं. वर्षातले ३६० दिवस हा कोड निर्धास्त चालतो, आणि बिघडतो तेव्हा निम्मी टीम सुट्टीवर गेलेली असते.

दोन आकडी वर्षाचा तर अर्थच यंत्रागणिक बदलतो. एक्सेलच्या पूर्वापार नियमात ०० ते २९ हे २००० नंतरचे आणि ३० ते ९९ हे १९०० नंतरचे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हीच सीमा ६८-६९ वर. म्हणजे १९३५ साली जन्मलेल्या पेन्शनरांचं '३५' एक्सेलमध्ये बरोबर येतं आणि पायथनमध्ये ते २०३५ ला जन्माला येतात. औषधाच्या पाकिटावर महिना आणि वर्ष एवढंच असतं, तिथे नियम ठरलेला आहे: त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. घरच्या डब्यांना असा नियम कोण लावणार?

सर्वांत अवघड असते ती जी तारीख पूर्ण माहीतच नाही. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं एवढी का, हे कुणाला सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींना रकाना भरायचा होता. दाखल्यावर ती तारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहिली जाते. ताळा उत्तम, पण ज्या माहितीचा ताळा घ्यायचा तीच अंदाजाची. संगणकाने हीच खोड पुढे चालवली. फक्त जन्मवर्ष माहीत असलेला माणूस रकान्यात १ जानेवारीचा होतो. आयएसओच्या प्रमाणात याची सोय आहे: महिनाच माहीत असेल तर २०२४-०५ एवढंच लिहा, वर्षच माहीत असेल तर २०२४. पुढे २०१९ साली निघालेल्या, त्याच प्रमाणाच्या दुसऱ्या भागात शंकेसाठी प्रश्नचिन्ह आणि अंदाजासाठी नागमोडी रेघ लावायचीही तरतूद आली. पुण्यात जिथे जिथे जुने कागद स्कॅन होताहेत तिथे हे कामाचं आहे, आणि त्यातही दोन रकाने ठेवावेत: एकात कागदावर आहे तसं, अक्षर न बदलता, दुसऱ्यात प्रमाण तारीख. कारण हे प्रमाण ग्रेगोरियन, म्हणजे आजचं इंग्रजी कॅलेंडरच मानतं. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन, म्हणजे त्याआधीच्या युरोपीय कॅलेंडरातली तारीख. दहा दिवसांचा फरक मिळवला तर या प्रमाणात ती १६३०-०३-०१ होते. दोन्हीकडे वार शुक्रवारच. म्हणून जयंती कुणी १ मार्चला करणार नाही, करूही नये. पण कॅटलॉग करणाऱ्याने दुसरा रकाना भरताना पहिला पुसला, तर पुढच्या पिढीला हा दहा दिवसांचा हिशेब पुन्हा कुठून सापडणार?

तेव्हा एखाद्या संस्थेने, दुकानाने किंवा सोसायटीने प्रमाण ठरवायला बसावं तेव्हा 'कोणता क्रम' हा प्रश्न शेवटी घ्यावा. आधी विचारावं, हे वाचणार कोण. फाइलची नावं, वह्यांचे रकाने, एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारं सगळं २०२४-०४-०५ असं. पत्रं, नोटिसा, फलक, पावत्या यांवर ५ एप्रिल २०२४, महिना अक्षरांत. सभेची नोटीस असेल तर वारासकट. महिना तोडायचा झाला तर जाने, फेब्रु, एप्रि, सप्टें असा तोडावा, पण 'जु' एवढंच कधी लिहू नये, त्यात जूनही बसतो आणि जुलैही. आणि जुनं सगळं एका रात्रीत बदलायला जाऊ नये. अमुक दिवसापासून नवी पद्धत असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं, नाहीतर त्या वहीत दोन्ही क्रम राहतात आणि हद्द कुठे हे कुणालाच सांगता येत नाही. अर्ध्यात बदललेली वही ही न बदललेल्या वहीपेक्षा वाईट.

बरणीचा निकाल मात्र ओट्यावरच लागला. आजींनी डाव घालून तळातली एक फोड वर काढली, बशीत ठेवली आणि सुरीच्या टोकाने आतल्या कडेला टोचलं. टोक शिरलं नाही. "कोय बघ कशी टणक धरलीय. पाडव्याच्या आधी कैरीला एवढा बाठा असतो का? कोवळी असते ती, डाळीत घालायची. ही मेची." सूनबाईंनी आधीच तसं म्हटलेलं होतं, पण त्या गप्प राहिल्या. चिकटपट्टी तेलाने मऊ झाली होती, सोलली तशी अर्धी बरणीलाच राहिली. नवी पट्टी आली, मार्कर आला. आजींनी देवनागरीत, रेघ न सोडता लिहिलं: शके १९४६, चैत्र वद्य ११, शनिवार. मग थोडं थांबून खाली कंसात 'चार मे', आणि मार्कर सुनेकडे देत म्हणाल्या, "त्याला फोटो पाठव. आणि सांग, पुढच्या खेपेला वार लिही म्हणावं."